भिंगरी आणि अण्णांचं फिरणं

नागेश्वरवाडीतल्या आमच्या घरात सकाळ उजाडायची ती अण्णांच्या आवाजानं. न्हाणीघरात पाणी अंगावर घेता घेता ते रामरक्षा म्हणायचे, मधेच एखादा शेर, मधेच वर्गातल्या कुणा पोराला काल द्यायची राहिलेली बोलणी. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकले आणि उर्दूतूनच शिकवायला लागले. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या तेव्हा तिशी उलटलेल्या या माणसानं कंदिलासमोर बसून मराठी व्याकरण घोटलं, आणि पुढं पोरांना ते असं शिकवलं की चूक करायची कुणाची छाती होत नसे. आवाज हीच त्यांची ओळख होती. आई म्हणायची, "तुझे अण्णा गुलमंडीवर खोकले तरी मला इथं कणीक भिजवायची वेळ कळती." आणि मग एका सकाळी न्हाणीघरात तांब्या पडल्याचा आवाज आला, आणि पुढं काहीच आवाज आला नाही.

अर्धांगाचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका दमात गेली. सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते आधार धरून उभे राहत होते, पाय फरफटत का होईना टाकत होते, पण बोलायला गेले की तोंडातून एखादाच शब्द सुटायचा, तोही भलताच. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे आणि स्वतःच्या तोंडाकडं रागानं हात करायचे. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन बजावलं होतं, "रोज चालवा त्यांना, बाहेर, मोकळ्यावर. पलंगावर राहिले तर पाय कायमचा गेला म्हणून समजा." अण्णा अंगणात चालायचे. दाराबाहेर मात्र पाऊल टाकायला तयार नव्हते. औरंगाबादेत कुठल्याही गल्लीत वळलं तरी त्यांचा एखादा विद्यार्थी भेटणारच होता, "नमस्कार सर" म्हणणारच होता, आणि अण्णांना त्याच्यासमोर ओठाची वाकडी झालेली कड घेऊन उभं राहायचं नव्हतं.

भिंगरी आली ती अशा दिवसांत. पिशोरचा माझा मामा मकेच्या कणसांचं पोतं आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली एक तांबडी कुत्री घेऊन दारात उभा राहिला. वर्षभराची असेल. आपल्याच शेपटीमागं गरगर फिरायची म्हणून मामाच्या पोरांनी तिला भिंगरी नाव ठेवलं होतं. पण बाजाराच्या दिवशी ती गावात गेली आणि तिथल्या कुत्र्यांच्या कळपानं तिला घेरलं. एका कानाच्या चिंध्या झाल्या, पाठ सोलवटली. जगली, पण तेव्हापासून दुसरं कुत्रं नजरेला पडलं की ती वेड्यासारखी भुंकायची, दोरीला हिसके द्यायची, तोंडाला फेस यायचा. "गावात लई कुत्री हायेत, ताई," मामा आईला म्हणाला. "तिथं ऱ्हायली तर ती मरंल न्हाय तर मारंल. तुझ्याकडं अंगणात बांधून तरी जगंल." आई म्हणाली, "इथं माणसाचंच उरकंना मला, आन् त्यात हे कुठं घालू?" तेवढ्यात भिंगरी दोरी ओढत अण्णांच्या पलंगाशी गेली आणि काठावर हनुवटी टेकून उभी राहिली. अण्णांनी डावा हात तिच्या फाटक्या कानावर ठेवला. "रहने दे," ते म्हणाले. दोन्ही शब्द स्वच्छ. आई पदर तोंडाशी धरून आत गेली, आणि भिंगरी राहिली.

आणि अण्णा बाहेर पडले. कुणी सांगितलं नाही, समजावलं नाही. एका पहाटे ते उठले, डाव्या मनगटाला भिंगरीची दोरी गुंडाळली, त्याच हातात काठी धरली आणि अंगणाची कडी काढली. हातात कुत्रं असलं की लोक आधी कुत्र्याकडं बघतात, एवढा आडोसा त्यांना पुरत होता. सरसर झाडणारे झाडूवाले आणि पहिला दूधवाला एवढीच वर्दळ असायची तेव्हा. खडकेश्वराच्या मैदानापर्यंत जाऊन ते परत यायचे, घामेजलेले, दमलेले, आणि आई त्यांना पितळीत येसराची आमटी आणि कुस्करलेली भाकरी द्यायची. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्यांचा मसाला. त्या आमटीचा वास अजून माझ्या नाकात आहे, कारण त्या दिवसांत अण्णा ती खाताना आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी सैल रेघ दिसली होती.

ते फार दिवस चाललं नाही. औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर एका दूधवाल्याच्या सायकलीमागून त्याचं कुत्रं चालत आलं. भिंगरीनं जी झेप घेतली, तिच्याबरोबर मनगटाला दोरी गुंडाळलेले अण्णा तोंडावर गटाराच्या कडेला पडले. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना टांग्यात घालून घरी आणलं. ओठ फाटला होता, धोतर चिखलानं माखलं होतं. तो विद्यार्थी बिचारा "सर, सर" करत रडत होता. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पलंगावर पडले आणि भिंतीकडं तोंड केलं.

शनिवारी दादा आला. माझा थोरला भाऊ. तो जालन्याला एका कचेरीत नोकरीला होता आणि शनिवार-रविवार घरी यायचा. त्यानं अण्णांचा ओठ पाहिला, अंगणात जाऊन भिंगरीला पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "सकाळच्या गाडीनं मी हिला पिशोरला सोडून येतो."

"तिथली कुत्री तिला मारून टाकतील, दादा," मी म्हणाले.

"मग इथं तिला अण्णांना मारू देऊ काय?"

"ती गेली तर अण्णा परत कडी काढणार नाहीत."

"आता तरी कुठं काढायलेत?" तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मी सतरा वर्षांची होते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दादासमोर आवाज चढवायची मला सवय नव्हती. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "मला दिवाळीपर्यंत वेळ दे. मी तिला शहाणी करते. नाही झाली तर मी स्वतः तिला पिशोरला नेऊन सोडीन."

दादानं आईकडं पाहिलं. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पोळा आत्ताच झालाय. दिवाळी काय लई लांब नाय. करू दे तिला."

"ठीक आहे," दादा म्हणाला. "पण तोवर ती दोरी अण्णांच्या हातात दिसली, तर मी कुणाचंच ऐकणार नाय."

बोलून तर बसले होते, पण करायचं काय ते मला ठाऊक नव्हतं. गल्लीत प्रत्येकाकडं एक सल्ला होता. शेजारच्या वेणूकाकू म्हणाल्या, काठी दाखव. कुणी म्हणालं उपाशी ठेव, कुणी म्हणालं चार कुत्र्यांत सोड, आपोआप सवय होईल. हा शेवटचा मला पटला. मी तिला देवळामागं घेऊन गेले, जिथं गल्लीतली कुत्री उन्हाला पसरलेली असायची, आणि दोरी घट्ट धरून तिला त्यांच्यासमोर उभं केलं. पुढचं मला नीट आठवत नाही. धूळ, दात, कुणाची तरी ओरड, आणि त्या गोंधळात भिंगरीनं मलाच मनगटाला कडाडून चावा घेतला. तो वण अजून आहे, बांगडी सरकली की दिसतो. घरी आई जखमेत हळद भरत होती आणि मी समोर पाहत होते. भिंगरी पलंगाखाली कोपऱ्यात गेली होती. तिथंच तिनं मुतून ठेवलं होतं, शेपूट पोटाखाली गेलेली, आणि अंग असं थरथरत होतं की पलंगाची पट्टी वाजत होती. मी इतके दिवस तिला रागीट समजत होते. पण राग आलेलं जनावर असं थरथरत नाही. हिला भीती वाटत होती, आणि दुसऱ्यानं दात दाखवायच्या आत ती आपले दाखवत होती.

माझी नात पुण्याला असते, तिच्याकडंही कुत्रं आहे, आणि त्याला शिकवायला एक तरुण मोटारसायकलवरून येतो. अशा कुत्र्यांना तो काहीतरी इंग्रजी नाव देतो, दुरून दाखवा, खाऊ द्या, हळूहळू जवळ न्या, असं सगळं पद्धतशीर सांगतो. नात मला विचारते, "आजी, तुला हे तेव्हा कुणी शिकवलं?" कुणीच नाही. ते मला आमखास मैदानावर सापडलं, आणि सापडलं ते चुकून.

देवळामागच्या प्रकारानंतर मला कुत्रीच नकोत अशी जागा हवी होती, म्हणून मी तिला कॉलेजच्या आधी आमखासवर नेऊ लागले. तेव्हा ते मैदान केवढं मोकळं होतं, आज सांगून खरं वाटणार नाही. एका सकाळी पार पलीकडच्या टोकाला एक बाई शेळ्या घेऊन आली, तिच्याबरोबर तिचं कुत्रं. एवढुसं दिसत होतं ते. भिंगरी थबकली. कान उभे, अंग ताठ. पण ती भुंकली नाही. नुसती पाहत राहिली. मी पदराला बांधून आणलेलं धपाटं सोडलं आणि एक तुकडा तिच्या नाकाशी धरला. तिनं कुत्र्याकडं पाहिलं, तुकड्याकडं पाहिलं, आणि खाल्ला. पुन्हा पाहिलं, पुन्हा खाल्ला. मी तिथंच खाली बसले. म्हणजे हिच्या भीतीला एक हद्द होती. दुसरं कुत्रं हद्दीच्या अलीकडं आलं की ती माझं ऐकत नव्हती, पलीकडं असलं की मात्र ती शहाणीसुरती कुत्री होती. मला ती हद्द हळूहळू अलीकडं ओढायची होती, एवढंच काम.

त्या दिवसापासून आई रोज सकाळी माझ्यासाठी जास्तीची धपाटी लावू लागली, ज्वारीच्या पिठात लसूण न घालता, कुत्रीसाठी वेगळी. मी त्या शेळ्यावाल्या बाईच्या वेळेला मैदानावर जायचे, आणि कालच्यापेक्षा जरा जवळ उभी राहायचे. भिंगरीनं तुकडा तोंडात घेतला तर ठीक. घेतला नाही, तर आपण फार पुढं आलो असं समजून मी बिनबोभाट मागं फिरायचे. भुंकण्याची वाट बघायची नाही, हे मी शिकले. आणखी एक शिकले, ते म्हणजे दोरी सैल ठेवायला. दुरून कुत्रं दिसलं की माझीच मूठ आवळायची, आणि ती आवळलेली मूठ दोरीतून भिंगरीच्या गळ्यापर्यंत पोचायची. तिला शांत करायचं तर आधी मला शांत राहावं लागत होतं, आणि दोघींत ते मला जास्त जड गेलं.

सकीना माझ्या वर्गात होती. बेगमपुऱ्यात त्यांची पेरूची बाग. एकदा कॉलेजला जाताना ती मैदानाच्या कडेला थांबून माझा हा उद्योग बघत राहिली आणि मोठ्यानं हसली. "सुमन, ये क्या करती तू? कुत्तीकू धपाटे खिलाके पैलवान बनाती क्या?" मी तिला सगळं सांगितलं. अण्णांचं पडणंही सांगितलं. तिचं हसू गेलं. तिचे अब्बा अण्णांना ओळखत होते. ती म्हणाली, "हमारे बागमें बडे मियाँ है ना. लेके आऊं?"

बडे मियाँ म्हणजे त्यांच्या बागेची राखण करणारा म्हातारा कुत्रा. एका डोळ्यात फूल पडलेलं, चाल नवाबी, आणि जगात कशातच रस उरलेला नाही. सकीनाच्या दादीचा कुत्र्याला घराच्या अंगणातही यायला मज्जाव होता, पण बागेच्या फाटकाबाहेर काय चालतं त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. खाम नदीच्या कडेच्या रस्त्यानं आम्ही चालायला लागलो. एका अंगाला सकीना आणि बडे मियाँ, दुसऱ्या अंगाला मी आणि भिंगरी, मधे अख्खा रस्ता. दोघी एकाच दिशेनं, एका चालीनं. भिंगरी तिरक्या नजरेनं त्याला बघायची, बडे मियाँ झाडं हुंगत जायचा. त्यानं तिच्याकडं एकदाही मान वळवली नाही, आणि ते तिला फार बरं वाटत असावं. पुढं पुढं रस्ता आमच्यात कमी होत गेला. येणारेजाणारे थट्टा करायचे. एक टांगेवाला रोज विचारायचा, "बेबी, बरात किदर निकली?" आणि सकीना रोज नवं उत्तर द्यायची. एका सकाळी चालता चालता भिंगरी आपण होऊन बडे मियाँच्या शेपटीमागं गेली, त्याला हुंगलं, आणि परत माझ्या पायाशी आली. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून एकमेकींचे हात धरून रडलो. लोकांना वाटलं कुणी गेलं.

घरी आल्यावर मी हे सगळं अण्णांच्या पलंगाशी बसून सांगायचे. सुरुवातीला ते भिंतीकडंच तोंड करून ऐकायचे. मग पाठीवर झाले. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात गुंतले होते, तर काठी जमिनीवर ठक ठक आपटून त्यांनी मला बोलावलं आणि भुवया उंचावल्या. आजचं काय झालं ते त्यांना हवं होतं.

मग मकाई दरवाजापाशी घात झाला. टांग्याखालून एक काळं कुत्रं सरळ भिंगरीच्या अंगावर आलं. सकीनानं दप्तर फेकून मारलं, टांगेवाल्यानं चाबूक वाजवला, भिंगरीला लागलं फारसं नाही. पण ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. अंगणाबाहेर यायला तयार होईना, गल्लीतल्या कुत्र्याचा नुसता आवाज आला तरी पलंगाखाली. शनिवारी दादानं ते पाहिलं. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. मऊपणानं म्हणाला, "सुमे, तू लई केलंस. काही गोष्टी नसतात आपल्या हातात."

"दिवाळी झाली का?" मी विचारलं.

"नाय."

"मग तोवर बोलू नको."

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला उचलून, अक्षरशः कडेवर घेऊन, आमखासवर नेलं आणि पार त्या पहिल्या टोकाला जाऊन उभी राहिले. शेळ्यावाली बाई लांबून ओरडली, "परत तितंच गं?" मी ओरडले, "परत तिथंच!" या खेपेला हद्द लवकर सरकली. जे एकदा शिकली होती ते तिच्यात कुठंतरी शिल्लक होतं. सकीना बडे मियाँला घेऊन यायची. नवरात्र गेलं, दसरा गेला. कोजागिरीच्या आसपास एका सकाळी मी निघाले, तर अण्णा काठी घेऊन अंगणात उभे. "मैं... पण," ते म्हणाले.

दादाला शब्द दिला होता, म्हणून दोरी मी माझ्याच हातात ठेवली. अण्णा बरोबर चालायचे आणि धपाट्याचे तुकडे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचे. कुत्रं दिसलं की थांबायचं, रस्त्याच्या बाजूला व्हायचं, तिनं बघितलं की तुकडा द्यायचा. सगळं मास्तरकीच्या शिस्तीत. भिंगरीनं तुकडा घेतला की ते मान हलवायचे, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायचे तशी. कुत्र्यांकडं लक्ष ठेवता ठेवता लोकांकडं बघायला त्यांना सवड राहिली नाही. "नमस्कार सर" आलं तर काठीचा हात जरा उचलायचे आणि पुढं व्हायचे.

भिंगरी पुढं पुष्कळ वर्षं जगली. बडे मियाँ सोडला तर तिला कुणी सोबती झाला नाही, आणि शेवटपर्यंत ती अनोळखी कुत्र्याला रस्त्याची पलीकडची बाजू देत आली. मला तेवढंच हवं होतं.

दिवाळीला दादा घरी आला. सणाचं सगळं उरकल्यावर, फटाक्यांचे आवाज बसल्यावर, सकाळी आपण सगळे मिळून औरंगपुऱ्यापर्यंत जायचं आणि दादानं स्वतः बघायचं, असं ठरलं होतं. त्या सकाळी मी उठले तर पलंग रिकामा. अंगणाची कडी काढलेली. खुंटीवर दोरी नव्हती.

दादा चप्पल शोधायला लागला. "कुठं गेले? एकटे? तिला घेऊन? सुमे, कुठल्या अंगाला जातात तुम्ही?" मी दारात जाऊन गल्लीकडं बघू लागले. मला गटाराची कडच दिसत होती. दादानं सायकल काढली तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ, चेहरा पांढरा. "ठेव ती सायकल," ती म्हणाली. "बसा दोघं."

"आई, अगं पडले बिडले तर..."

"फिरायला गेलेत ते," आई म्हणाली. "माणूस फिरायला गेलं की येतंय घरी."

आम्ही ओट्यावर बसलो. रस्त्यावर झाडूचा आवाज, मग दूधवाल्याची घंटी, मग वेणूकाकूंचा रेडिओ. ऊन ओट्याच्या पायरीवर आलं. आई आत आणि बाहेर करत होती आणि चुलीवर आमटी करपल्याचा वास येत होता, तरी ती उतरवायचं कुणाला सुचलं नाही. आणि मग गल्लीच्या वळणावर काठी वाजली. भिंगरी आधी दिसली, जीभ बाहेर काढून आरामात चालणारी, दोरी सैल. मागून अण्णा. धोतर स्वच्छ होतं. दादानं तेच आधी पाहिलं, मला कळलं.

अण्णा ओट्यावर टेकले. धाप लागली होती. दादा काही बोलणार तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला, वर्ग गप्प करायला करायचे तसा. मग सांगायला लागले.

"गुल... मंडी," ते म्हणाले. थांबले. शब्द शोधला. "हलवाई. पत्रावळी. दोन... दोन कुत्री. भांडत होती." पुन्हा थांबले. कपाळावर घाम होता. आईनं आपसूक पुढं होऊन काहीतरी सुचवायला तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. "रस्ता... बंद. मी... बाजूला झालो. भिंतीला." त्यांनी खांदा ओट्याच्या खांबाला टेकवून दाखवला. "ती... कापत होती. मी बी... कापत होतो." त्यांच्या ओठाची सरळ बाजू हलली, हसले असावेत. "कुत्री बघितली तिनं. मग... माझ्याकडं बघितलं. मी... तुकडा दिला."

एवढं बोलणं झटक्यापासून त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं नव्हतं. दादा त्यांच्या पायाशी खालच्या पायरीवर सरकून बसला होता, शाळेतल्या पोरासारखा मान वर करून.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय," अण्णा म्हणाले, "घरी आलो."